अकरा वाजताचं शेत

अन्याय एका बाईवर झाला. होळीच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तालुक्याच्या कचेरीत, वरच्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत. मी तेव्हा भिंतीवरचं घड्याळ बघत होते, म्हणून मिनिटासकट सांगते. ती बाई तिथे नव्हती. तिला बोलावलंच नव्हतं. वनहक्काच्या दाव्यांची यादी वाचता वाचता अधिकारी तिच्या ओळीवर आले, म्हणाले, "नामंजूर. जागेवर अलीकडचं नवीन बांधकाम. नोटीस काढा," आणि पान उलटलं.

तिचं नाव मी लिहीत नाही. नाव छापलं तर साहेब लोक तिला शोधत येतील, शेत बघायला कोणी येणार नाही, असं तिचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नाही.

दुसरी गोष्ट आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढे सांगायचं धैर्य होणार नाही. त्या नवीन बांधकामाची खबर कचेरीला मी दिली होती. तक्त्यात "हो" असं लिहिणारा हात माझा होता.

मी तापीकाठची, प्रकाशा नावाच्या तीर्थाच्या अलीकडच्या एका गावातली. घरची केळी, कापूस, विहीर. आमचा सातबारा आईच्या कपाटात साड्यांच्या खाली असतो, आणि ती जमीन आमची आहे हे सिद्ध करायला आजवर आमच्याकडे कोणी आकाशातून काढलेला फोटो मागितलेला नाही. सातपुड्यातल्या माणसाकडे मागतात. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते आणि बाजारात उभी राहून वाटते. वनहक्काचा कायदा मला पाठ आहे: ठरावीक तारखेच्या आधीपासून जो जंगलाची जमीन कसतो त्याचा तिच्यावर हक्क, म्हाताऱ्या माणसांचा जबाब हा पुरावा, जागेवर जाऊन पाहणी हा पुरावा, उपग्रहाचं चित्र हा जास्तीचा पुरावा, एकट्याने पुरेसा नाही. हे मी इतक्या पत्रकांवर छापलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

म्हणूनच, एका संशोधन संस्थेची चाचणी आमच्या जिल्ह्यात आली तेव्हा मी हावरटासारखी तिच्यात शिरले. काम असं होतं: उपग्रहाच्या चित्रांवरून डोंगरातल्या जमिनीचा नकाशा करायचा, शेत कुठे, जंगल कुठे, पडीक कुठे, आणि नामंजूर दाव्यांचा फेरविचार करणाऱ्या समितीला असा नकाशा खरोखर उपयोगी पडतो का ते तपासायचं. मला वाटलं, आता हत्यार मिळालं. आकाशातून फोटो काढणाऱ्याला लाच देता येत नाही की दम देता येत नाही. वडील मात्र जेवताना आईला म्हणाले, "पोरले आकाशमा काम लागनं म्हने. खाले काही सापडनं नही तिले."

माझं काम खालीच होतं. पाड्यांवर जायचं, प्रत्येक शेताच्या मध्यभागी उभं राहायचं, मोबाईलवर बटण दाबायचं. त्या जागेला आम्ही बिंदू म्हणायचो. असे बिंदू दिले की संगणक शिकतो: हा रंग म्हणजे शेत, तो रंग म्हणजे झाडी. मग उरलेला सगळा डोंगर तो आपला आपण रंगवतो.

तिच्या पाड्यावर मी पोचले तेव्हा ज्वारी छातीपर्यंत आली होती. शेताच्या कडेला मोहाची मोठमोठी झाडं, दोन-तीन शेताच्या पोटातही. मोहाचं झाड तिथे कोणी तोडत नाही. शेत झाडाला वळसा घालून जातं. तिचं घरही कडेच्या मोहाखाली, कुडाच्या भिंती आणि वर पत्रे, इतकं आत की दहा पावलांवरून दिसू नये. मी पिकात पाय घालणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"कोठे चालनी?"

घरात ती पावरी बोलते. माझ्याशी अहिराणी बोलली, कारण तरुणपणी कापूस वेचायला ती आमच्याच बाजूच्या गावांत यायची. कदाचित आमच्या शेतातही आली असेल. मी विचारलं नाही.

"मध्ये उभं राहायचंय, माय. एक मिनिट. शेताचा पुरावा आहे."

"नवाई नही झायी."

नवाई म्हणजे नवं धान्य आधी देवाला आणि मग माणसाला. सगळा पाडा मिळून दिवस ठरवतो. तोपर्यंत बाहेरच्या माणसाने उभ्या पिकात शिरायचं नाही, ही त्या पाड्याची रीत. शिरला तर काय होतं, असं मी विचारलं. ती माझ्या बुटांकडे बघत म्हणाली की दाणा त्याच्या मागे चालू लागतो, आणि कणीस पोकळ उभं राहतं. तिच्या सासूने असं एक शेत पाहिलं होतं. सगळं जागच्या जागी, वाऱ्यावर डोलतंय, आणि आत काही नाही.

"मग नवाई कधी?"

"गाव ठराई तधळ."

माझ्याकडे दोन दिवस होते. मी बांधावर उभी राहिले, मोहाच्या सावलीत, आणि बटण दाबलं. त्या पाड्यावरची सात शेतं मी अशीच नोंदवली, सातही बांधावरून, झाडाखालून. आणि मी स्वतःवर खूश होते. रीत मोडली नाही, पुरावाही घेतला. संस्थेच्या शहरी पोरांना हे सुचलं असतं का, असंही वाटलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी अशी, कौतुकाने केली.

मग तिने पाणी दिलं आणि आम्ही त्याच मोहाखाली बसलो. माझ्याकडच्या पाटीवर, म्हणजे टॅबवर, जुनं चित्र होतं, कायद्यातल्या तारखेच्या आधीचं. मी तिला तिचा डोंगर दाखवला. नाला तिने लगेच ओळखला. मग विचारलं, हे कधीचं. मी सांगितलं. ती बोटांवर मोजत राहिली. तेव्हा तिचा नवरा जिवंत होता.

"मंग याम्हा तो व्हई."

"माय, माणूस दिसत नाही याच्यात. फार वरून काढलंय."

"मोठं कर."

मोठं केलं. चित्र मोठं करत गेलं की एका टप्प्यानंतर त्याचं चित्रपण संपतं आणि नुसते चौकोन उरतात, हिरवे, करडे, काळपट. ती त्यांच्यावर वाकली. बोट चौकोनांच्या वर, न टेकवता, हळूहळू फिरलं आणि एका जागी थांबलं. इतर चौकोनांसारखाच एक चौकोन, थोडा फिकट.

"हाऊ."

"कसं कळलं?"

"तो तठेच बसे. माच व्हता तठे. पाखरं हाकले." माच म्हणजे पिकातला राखणीचा माळा. मग मला समजावत असल्यासारखं: "तो काही उठस नही आते. बसेल शे."

मी पाटी परत मागितली तेव्हा तिने दिली, पण आधी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, जसा घरच्या मोठ्या माणसासमोर ओढतात.

दिवाळी झाल्यावर नकाशा तयार झाला. तिचा सगळा डोंगर गडद हिरवा होता. सात शेतं, सात घरं, खळी, पायवाटा, सगळ्यावर एकच सलग हिरवा रंग, लोणच्यावर तेल चढावं तसा. मी नकाशा करणाऱ्या मुलाला फोन केला. मुलगा वाईट नाही. शहरातला आहे, मेहनती आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.

"माझे सात बिंदू कुठे गेले?"

"काढले ते. सातही झाडांच्या शेंड्यांवर पडले होते. तू लिहिलंयस शेत, आणि चित्रात झाड. असं चुकीचं शिकवलं की संगणक सगळं जंगल शेत म्हणून रंगवेल."

"मी बांधावर उभी होते."

"मध्ये का नाही उभी राहिलीस?"

नवाई नव्हती झाली, असं मी म्हणाले. मग तो म्हणाला, "हे तू आधी सांगायला हवं होतंस. आता नकाशा समितीकडे गेलाय. पण ही चाचणीच आहे ना, पुढच्या फेरीत दुरुस्त करू."

चाचणी त्याच्यासाठी होती. समितीने तो नकाशा पाहिला आणि त्या पाड्याच्या सातही दाव्यांपुढे पेन्सिलीने "दाट झाडी" असं लिहिलं.

मी तिला सांगायला गेले ते संक्रांतीच्या आठवड्यात. पाडा तोवर रिकामा झाला होता. ऊसतोडीच्या गाड्या नवापूरच्या रस्त्याने गुजरातेत गेल्या होत्या, दाराला काटेरी फांद्या लावून माणसं गाड्यांत बसून गेली होती. कोंबड्यासुद्धा नेल्या होत्या. राहिली होती ती एकटी. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. ती रागावली नाही. तिला त्या उपग्रहाविषयी वेगळंच काही विचारायचं होतं.

"तो रोज जास का वरतीन?"

"पाच दिवसांनी एकदा."

"कितला वाजता?"

"सकाळी. अकराच्या सुमाराला."

"थांबस?"

"नाही माय. थांबत नाही."

"वाकीसन पाहत नही?"

"नाही."

"मंग त्याले दिसी असं ठेवनं पडी," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मी थट्टा समजून हसले. निघताना ती दारात बसून सुतळीला गाठी मारत होती. मी उपग्रहाच्या गेल्या खेपेचा दिवस सांगितला होता, तिथून पुढे मोजत. दिवसाला एक गाठ, पाचवी मोठी.

यानंतरचे दिवस मी नंदुरबारला स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत काढले. चाचणीचा दुसरा भाग सुरू झाला होता. दर पाच दिवसांनी नवं चित्र येई, ते आधीच्या चित्रावर ठेवायचं आणि काय बदललं ते तक्त्यात लिहायचं. दिवसभर मी वरून बघत असे. असं बघत राहिलं की काहीतरी व्हायला लागतं, ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या चित्रांत कायम सकाळचे अकरा वाजलेले असतात. थंडीतल्या प्रत्येक चित्रात सावल्या त्याच एका बाजूला, वायव्येला पडलेल्या. तिथे संध्याकाळ होत नाही. कोणी जेवत नाही, कोणी घरी येत नाही. रस्ते आहेत, नाले आहेत, आणि एकही माणूस नाही, जणू गाडी यायच्या आवाजाने सगळे आत जाऊन लपलेत आणि दार लावून तुमच्या जाण्याची वाट बघतायत. मी खोलीबाहेर दूध आणायला निघायचे तेव्हा अकरा वाजले असले तर नकळत मान वर जायची. वर काही नसायचं.

माघात एके दिवशी तिच्या शेतात एक चौकोन फिकट झाला.

पीक कधीच निघालं होतं, शेत तपकिरी होतं, कडेने मोहाची झाडं. आणि त्यात एकच चौकोन, राखेच्या रंगाचा. मला वाटलं, ढगाचा तुकडा असेल. पाच दिवसांनी तो आणखी उजळला. पुन्हा पाच दिवसांनी, आणखी. मी मोठं करून बघितलं, मग जुनं चित्र काढून त्याच्याशेजारी ठेवलं. तोच चौकोन होता. ज्याच्यावर तिने बोट धरलं होतं, पाखरं हाकायला तो बसायचा तो. तोच आतून पेटल्यासारखा उजळत चालला होता.

तिच्याकडे फोन नाही. पाड्यावरचा एक माणूस ऊसतोडीवर होता, त्याचा नंबर माझ्याकडे होता. त्याला विचारलं, पाड्यावर कोण आहे.

"म्हातारी शे. आखो कोन ऱ्हाई?"

"काही बांधकाम चाललंय का तिथे?"

"कोन बांधी? भूत?" तो हसला. मागे कोयत्यांचे आवाज येत होते. मग हसणं थांबवून म्हणाला, "का वं? काय दिसनं तुले?"

मी काही नाही म्हणाले.

तक्त्यात रकाना होता: बदल दिसतो का. मी लिहिलं, हो. पुढचा रकाना: कशाचा. तिथे लिहायची सोय नव्हती, चारातलं एक निवडायचं होतं. बांधकाम, खोदकाम, आग, झाडतोड. "माहीत नाही" हा पर्याय त्यात नव्हता. मी नकाशावाल्या मुलाला विचारलं. त्याने चित्र पाहून एका क्षणात सांगितलं, "अशी चमक पत्र्याचीच असते. दर खेपेला वाढतोय म्हणजे छप्पर घालतायत. बांधकाम टाक." मी टाकलं. मला वाटलं होतं, निदान त्या जागेवर माणूस आहे हे तरी नोंदलं जाईल. खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती, आणि रकान्यात शब्द भरला की भीती जरा कमी होते.

मग तो गुरुवार आला. बैठकीच्या खोलीत पडद्यावर तिचं शेत होतं, हिरव्याकाळ्या डोंगरात एक पांढरा ठिपका. अधिकारी माझ्याकडे बघून मानेनेच शाबासकी देत म्हणाले, "हे छान झालं. पूर्वी अशी एकेक जागा बघायला दोन-दोन दिवस मोडायचे. आता जायची गरज नाही." ओरडून बोलणाऱ्या साहेबांशी भांडायची मला सवय आहे. हे हळू आवाजात बोलत होते. मी उठून उभी राहिले, म्हणाले, "साहेब, कायद्याप्रमाणे जागेवर पाहणी झाल्याशिवाय..." ते म्हणाले, "अहो ताई, पाहणी तुम्हीच तर केलीत." आणि माझा तक्ता वर धरला.

शुक्रवारी सकाळीच मी जीप पकडली. गाडी जिथवर जाते तिथे उतरून नाल्यानाल्याने चालत निघाले. फाल्गुन अर्ध्यावर आला होता. मोहाची पानं गळून खाली पडली होती आणि प्रत्येक पावलाला असा कर्रकर्र आवाज होत होता, की मागून कोणी तितकीच पावलं टाकतंय असं वाटावं. मी दोनदा थांबून मागे पाहिलं. पाड्यावर दारांना काटे तसेच. कुठे धूर नाही, कुत्रं नाही. एका ओट्यावर कुणाची तरी चप्पल जोडीने काढून ठेवलेली, आत गेल्यासारखी, आणि दाराला बाहेरून काटे.

मग आवाज आला. टण. थोडा वेळ काही नाही. पुन्हा, टण. कोणीतरी परातीवर बोटाने टिचकी मारावी तसा. माणूस दिसत नव्हता.

मी मोहाच्या झाडीतून पुढे आले आणि आधी तिचं घर पाहिलं. त्याला छप्पर नव्हतं. कुडाच्या चारही भिंती उभ्या, चूल, कणगी, दोरीवर लुगडं, आणि सगळ्यावर सरळ ऊन. मग शेत पाहिलं. शेताच्या मध्यभागी तिच्या घराचे पत्रे मांडलेले होते. जमिनीवर, एकाला एक लावून, काळजीने, कोपऱ्यांवर दगड ठेवून. एकेक पत्रा, एकेका मोठ्या गाठीला, तिने एकटीने घरावरून ओढून आणला होता. ऊन चढेल तसा पत्रा तापून आवाज करत होता. आणि पत्र्यांच्या मधोमध एवढीशी जागा सोडून ती बसली होती, सुतळी मांडीवर, तोंड वर.

अकराला काही मिनिटं होती.

मी हाक मारली नाही. बांधावर थांबले. थोड्या वेळाने तिने मान खाली केली, एक गाठ चिमटीत धरून सोडली, आणि मग मला पाहिलं. आता शेत रिकामं होतं, नवाई कधीच होऊन गेली होती. तिने हाताने आत बोलावलं. मी पहिल्यांदा त्या शेताच्या मध्यभागी गेले.

"दिसनं का?" तिने विचारलं.

"दिसलं, माय."

"त्याले दिसनं?"

"हो."

ती हसली. कित्येक आठवडे एकटं राहिलेलं माणूस हसतं तसं, आवाज न करता. "घर झाडखाले. कसं दिसी? म्हनीसन इकडे आनं. मन्हं घर शे हाई, सांग त्यासले. जठे तो बसे तठेच ठेवं."

मग मला पुढचं सांगावं लागलं. नवीन बांधकाम, नोटीस, आणि रकान्यात मी काय लिहिलं ते. पत्रे टणटण वाजत होते. ती ऐकत राहिली. सगळं ऐकून तिने एका पत्र्याची कड उचलून दाखवली. खाली गंज, खिळ्यांची जुनी भोकं, धुराने काळी झालेली बाजू.

"हाई नवीन शे?"

मग तिने विचारलं, त्या वरच्याकडे पानगळीचा फोटो आहे का.

"पानगळीचा?"

"आते पाय ना," ती वर बोट दाखवत म्हणाली. मोहाच्या उघड्या फांद्यांतून सगळं आकाश दिसत होतं. "आते झाडवर काही नही. आते बांध दिसी. मोहले पाला ऱ्हास तधळ कोन पाही? तुन्हा त्या साहेबले हाई समजत नही?"

ते मला समजलं नव्हतं. नकाशावाल्या मुलाला समजलं नव्हतं. पावसाळ्यानंतरची स्वच्छ चित्रं घ्यायची ही संस्थेची पद्धत, आणि तेव्हा मोह पानांनी गच्च असतो. मी नंदुरबारला येऊन त्याला सांगितलं, कायद्याच्या तारखेच्या आधीचं, फाल्गुनातलं चित्र शोध. त्याने शोधलं. रविवार होता तरी बसून शोधलं, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं. त्या चित्रात, उघड्या झाडांच्या जाळीखाली, दगडी बांधाच्या रेषा होत्या. सात शेतं. मधल्या शेतात, तिच्या, एक बारीक फिकट जागा, जिथे माच होता तिथे. फोनवर तो म्हणाला, "हे सगळं आपल्याकडे होतं."

उपग्रह खोटं बोललाच नव्हता. दुसऱ्या वेळीसुद्धा नाही, पत्रा होता तर त्याने पत्रा सांगितला. त्याला कोणत्या महिन्यात विचारायचं हे आम्ही तिला विचारलं नाही, आणि ठिपका दिसल्यावर चालत जाऊन बघितलं नाही. जे बघायला कायद्याने पाय दिलेत, ते बघायची गरज उरली नाही असं एक माणूस शांतपणे म्हणाला आणि खोलीतल्या सगळ्यांना हायसं वाटलं. हे संशोधन निर्णयाला उपयोगी पडतं का, असा चाचणीचा प्रश्न होता. अहवालात उत्तर गेलंय: पडतं. माझं उत्तर असं आहे की पडू शकतं, आणि तिच्या बाबतीत ते तिच्यावर पडलं.

मी लेखी दिलं आहे. माझा "हो" चुकीचा होता, बिंदू बांधावरून घेतले होते, हे पत्रे जुने आहेत, हे जुनं चित्र आहे, असं सगळं, सहीनिशी. कचेरीने पोच दिली. जागेवर पाहणी झाल्यावर विचार करू, असं उत्तर आलं. पाहणीची तारीख पडलेली नाही. होळीला लोक आले, नाचले, म्हातारीच्या घरावर छप्पर चढवून देतो म्हणाले. तिने चढवू दिलं नाही. साहेब येऊन डोळ्याने पाहीपर्यंत पत्रे शेतातच राहतील, असं ती म्हणते. उचलले तर म्हणतील, बांधकाम होतं, लपवलं. हे ती मला शिकवते, मी कायदा पाठ केलेली. लोक पुन्हा कामाला गेले. ती आहे. दर पाचव्या गाठीला अकरा वाजता मधल्या जागेत जाऊन बसते. मी आता चित्रं उघडत नाही. एकदा उघडलं, वैशाखातलं, तर ठिपका तसाच होता, आणि मला वाटलं की मी मोठं करत गेले तर तोंड वर केलेलं दिसेल. मी बंद केलं.

मृगाला फार दिवस नाहीत. त्या भिंतींवर छप्पर नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्ही सातबारावाले असाल, कचेरीतले असाल, संस्थेतले असाल, किंवा तुमच्या ओळखीत, नात्यात असा एक माणूस असेलच ज्याची सही अशा यादीखाली पडते. त्याला आज फोन करा. फक्त एवढं विचारा, तू त्या शेताच्या मध्यभागी उभा राहिलास का? नाही म्हणाला तर सही मागे घ्यायला सांगा. नुसतं सांगून सोडू नका, त्याला गाडीत बसवा, नाल्यापर्यंत आणा, पुढे चालवा. वाट मी दाखवीन. पत्र्याची काळी बाजू ती दाखवेल. पाऊस यायच्या आत या.